इंजिन उतरवायच्या आधी ते परत चढवायची तयारी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्या घेऊन त्या घरच्या घरी नव्यासारख्या करणाऱ्या तरुण पोरांवर लेख आला होता तो वाचला. लेख छान आहे, पोरांची हौस बघून बरं वाटलं, पण सोबत जो फोटो छापलाय त्यात प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन चेनला लटकतंय आणि एक पोरगा त्याच्या बरोब्बर खाली हात घालून काहीतरी सोडवतोय. ते बघून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. पत्र जरा मोठं होईल, जमलं तर सगळं छापा, कारण हा विषय चार ओळीत मावणारा नाही आणि ज्यांच्यासाठी लिहितोय ती पोरं आपला पेपर वाचतात.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं, म्हणजे इंजिनाचे झिजलेले भाग मशीनवर घासून परत मापात आणायचं, वर्कशॉप आहे, मी बरीच वर्षं मशीनवर उभा राहिलो, आता मुलगा बघतो. म्हणजे लोकांनी गाडीतून काढलेलं इंजिन पुढं ज्या टेबलावर येतं त्या टेबलाच्या अलीकडं माझं आयुष्य गेलंय. इंजिन बघितलं की ते कुणी, कसं आणि किती घाईत काढलंय ते लगेच कळतं. हल्ली नवीन हौशी पोरांची इंजिनं येतात ती पोत्यात येतात. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, एकीकडं, नट बोल्ट सगळे एका डब्यात कालवलेले, हेडला, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाला, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्याच्या खुणा, आणि विचारलं की बाबा हे काढलं का, तर उत्तर येतं रिस्टोअर करायचं आहे म्हणून. काय बिघडलं होतं ते माहीत नसतं. आणि यातली बरीच इंजिनं काम होऊन तयार झाली तरी न्यायला कुणी येत नाही, कारण तोवर गाडीचं बाकीचं सामान कुठं कुठं गेलेलं असतं, हौस संपलेली असते, घरचे ओरडत असतात, आणि गाडी शेवटी भंगारात वजनावर जाते. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या गाड्या गंजून जेवढ्या जातात त्याच्यापेक्षा जास्त अर्धवट उघडून ठेवल्यामुळं जातात. चालू गाडी कुणीतरी विकत घेतो. इंजिन बाहेर आणि वायरी लोंबकळतायत अशा गाडीला गिऱ्हाईक नाही.

पद्मिनीबद्दलच का लिहितोय तर आपल्याकडं नवशिका पोरगा जुनी गाडी घ्यायची म्हटलं की पहिली हीच घेतो, किंमत परवडते, आणि घरात कुणाकडं तरी होती ही आठवण असते. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी आधी फियाट ११०० म्हणून आणि नंतर सत्तरच्या दशकात पद्मिनी नावानं बनायला लागली. एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची या गाडीसाठी. मुंबईची काळी पिवळी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली होती आणि २० वर्षांची मुदत भरल्यामुळं ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती पण बंद झाली. त्या वेळी सगळ्या पेपरात बातम्या आल्या, लोक हळहळले, पण टॅक्सीबरोबर आणखी काय गेलं त्यावर कुणी फार लिहिलं नाही. टॅक्सी होत्या तोवर त्यांची गॅरेजं होती, आणि त्या गॅरेजातले मिस्त्री हे इंजिन डोळे मिटून उतरवायचे, खड्ड्यात उतरून गिअरबॉक्स खाली घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गाडी धंद्यावर जायची, कारण गाडी उभी राहिली की टॅक्सीवाल्याचं घर उपाशी. ती माणसं आता साठी सत्तरीत आहेत, कुणी गावी गेली, कुणाची पोरं दुसऱ्या धंद्यात. त्यांच्या हातात जे होतं ते कुठं लिहिलेलं नाही. आजची पोरं मोबाईलवर परदेशी व्हिडिओ बघून शिकतात, त्यात ज्या गाड्या असतात त्या वेगळ्या, तिथं प्रत्येकाकडं हायड्रॉलिक क्रेन आणि मोठं शेड, आणि इथं आपला पोरगा बंगल्याच्या पोर्चमध्ये पंख्याच्या हुकाला चेन अडकवतो. मी अतिशयोक्ती करत नाही, असं केलेलं मी बघितलंय. पंख्याचा हुक पंख्यासाठी असतो हो, इंजिनासाठी नाही.

आता पहिली गोष्ट म्हणजे इंजिन काढायची गरज आहे का. हा प्रश्न कुणी विचारतच नाही. इंजिन बाहेर काढलं म्हणजे रिस्टोरेशन सुरू झालं असं पोरांना वाटतं, फोटो पण चांगला येतो. पण पद्मिनीचं हेड गाडीत असतानाच उतरतं, व्हॉल्व्हचं काम इंजिन न काढता होतं, कार्ब्युरेटर, पंप, डिस्ट्रिब्युटर, सेल्फ, डायनमो सगळं जागेवर सुटतं. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये दाब किती धरतोय ते, बघा. चारही सिलेंडरचं रीडिंग घ्या, मग प्रत्येकात चमचाभर ऑइल घालून परत घ्या, ऑइल घातल्यावर रीडिंग वर गेलं तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्यात वर खाली होतो ती नळी) गेलेत, नाही गेलं तर बहुतेक व्हॉल्व्ह धरत नाहीत किंवा गॅस्केट गेलंय. निळा धूर किती, ऑइल प्रेशर काय म्हणतं, खालून क्रँकचा ठोका येतो का, हे सगळं इंजिन चालू असताना कळतं, बाहेर काढल्यावर कळत नाही. गाडी वर्षानुवर्षं उभी आहे आणि इंजिन फिरतच नाही असं असेल तरी लगेच काढू नका, प्लग काढून चारही भोकातून थोडं थोडं ऑइल सोडा, काही दिवस तसंच राहू द्या, मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं हळू हळू मागं पुढं करून बघा. सेल्फ मारू नका. कित्येक इंजिनं अशी सुटतात.

आणि इंजिनाच्या आधी बॉडी बघा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. खालची फ्लोअर, दरवाजाखालचे सिल, पुढं इंजिन ज्यावर बसतं तो भाग, हे जर पत्र्यासारखं वाजायचं सोडून बिस्किटासारखं तुटत असेल तर आधी पत्रेवाल्याकडं जा, खर्च विचारा, मग ठरवा. इंजिन काढून तयार करून आणलं आणि बसवायला जागाच मजबूत नाही असं झालेलं आहे लोकांचं.

हे सगळं बघून ठरलंच की काढायचं, तर मग नीट काढा. मी इथं सगळी कृती देत बसत नाही, प्रत्येक मॉडेलला थोडा फरक आहे, कुणाला डायनमो तर कुणाला अल्टरनेटर, बहुतेकांचा गिअर स्टिअरिंगला तर शेवटच्या काही गाड्यांचा खाली. पण ज्या गोष्टी पोरं हमखास वगळतात त्या सांगतो.

वही. शंभर पानी साधी वही आणि पेन गाडीशेजारी ठेवा. मोबाईलवर फोटो काढाच, हात घालायच्या आधी सगळ्या बाजूनी काढा, पण फोटोत कुठला बोल्ट लांब आणि कुठला आखूड ते दिसत नाही, वॉशर किती होते ते दिसत नाही. प्रत्येक वायरला मास्किंग टेप लावून मार्करनं लिहा ही कुठून आली आणि कुठं जाते, दोन्ही टोकांना लिहा. प्लगच्या वायरींना नंबर घाला, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आहे, ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. डिस्ट्रिब्युटर काढायचाच असेल तर रोटरचं तोंड कुठं होतं आणि बॉडी कुठल्या कोनात होती त्याची खूण करा. जो बोल्ट सुटला तो शक्य असेल तर त्याच भोकात हातानं दोन आटे फिरवून परत ठेवा, ही जुन्या मिस्त्रींची सवय आहे आणि याच्यापेक्षा चांगली पद्धत मला आजवर दिसलेली नाही. जिथं ते जमत नाही तिथं प्रत्येक भागाची वेगळी पिशवी, आत चिठ्ठी. सगळे बोल्ट एका डब्यात टाकणारा माणूस ती गाडी परत जोडत नाही हे मी लिहून देतो.

पाने कुठले. पद्मिनी मूळची इटालियन, सगळं मिलीमीटरमध्ये, त्यामुळं बाजारात मिळणारा साधा गोटी सेट आणि रिंग पाने चालतात. जुन्या अॅम्बॅसिडरचं तसं नाही, तिचं इंग्लंडचं वळण, तिला इंची पाने लागतात, आणि शेजाऱ्याकडून आणलेला जवळपास बसणारा पाना लावला की बोल्टाचं डोकं गोल झालंच म्हणून समजा. फिक्स पान्यानं जोर लावू नका, रिंग नाहीतर गोटी वापरा. स्क्रू पाना घरीच ठेवा.

काम सुरू करताना बॅटरीची अर्थ आधी काढा, मग दुसरी. पेट्रोलची लाइन पंपाजवळ सोडली की तिचं तोंड बंद करा, टाकीत पेट्रोल असेल तर ते गळत राहू शकतं, आणि त्या दिवशी त्या जागेत वेल्डिंग, ग्राइंडर, विडी सिगारेट काही नको. पाणी इंजिन गार असताना सोडा. रेडिएटर आधी बाहेर काढून ठेवा, तो तसाच ठेवून इंजिन ओढणारे लोक पंख्यानं जाळी फाडून घेतात आणि जुन्या गाडीचा चांगला रेडिएटर परत मिळवणं किती अवघड आहे ते मुंबईत कुर्ल्याला आणि चोर बाजारात हिंडलेल्या माणसाला विचारा. बॉनेट काढताना बिजागरीच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ ओढा म्हणजे परत बसवताना फटी सारख्या येतात. इंजिनातलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका, हे सांगायला लागू नये पण लागतं. डब्यात साठवा आणि जिथं जुनं ऑइल गोळा करतात त्या गॅरेजात किंवा सर्व्हिस स्टेशनला द्या.

आता गंजलेले बोल्ट. नवशिका माणूस सगळ्यात जास्त नुकसान इथं करतो आणि हे नुकसान आमच्या टेबलावर येतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या भागाचे, स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) तापून थंड होऊन वर्षानुवर्षं भाजलेले असतात, सायलेन्सरच्या पाइपाचा जोड तर विचारूच नका. पोरगा येतो, पान्याला पाइप लावतो आणि झटका देतो, स्टड आत मोडतो. मोडलेला स्टड हेडमध्ये, आणि या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, ब्लॉक बिडाचा. अॅल्युमिनियममध्ये मोडलेला लोखंडी स्टड काढायला ड्रिल मारलं की ड्रिल मऊ बाजूला सरकतं, भोक वाकडं होतं, मग आमच्याकडं येऊन बुश मारा, नाहीतर आट्यात इन्सर्ट बसवा. हे टाळायला फक्त वेळ लागतो, ताकद नाही. आदल्या दिवशी, खरं तर चार दिवस आधीपासून, रोज संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारा. वायर ब्रशनं बाहेर आलेले आटे साफ करा. हातोडीनं नटाच्या डोक्यावर सरळ, हलके ठोके द्या, बाजूनं नाही. मग पहिल्यांदा किंचित घट्ट करायच्या दिशेनं न्या, तो कट्ट करून सुटल्याचा आवाज येतो, मग उलटा, पाव फेरा बाहेर, परत आत, परत स्प्रे. अडलाच तर नट गरम करा, पण पेट्रोलच्या लाइनी बंद करून लांब केल्याशिवाय ज्योत काढू नका. आणि तरीही नाही सुटला तर नट कापा. नट आठ आण्याचा आहे, हेड नाही.

हेड काढत असाल तर इंजिन पूर्ण गार पाहिजे, आणि नट कडेकडून सुरू करून आत मध्याकडं थोडे थोडे ढिले करा, एकदम एकच पूर्ण काढू नका. गरम असताना किंवा एका बाजूनं सोडलं की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. चिकटून बसलं असेल तर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारा, फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. आपल्याकडं बहुतेक लोकांनी आयुष्यभर रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घातलं, कूलंट कधी घातलं नाही, त्यामुळं बीड आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये पाण्याच्या वाटा कुरतडल्या गेलेल्या असतात आणि हेड सहज सुटत नाही. धीर धरा.

गिअरबॉक्सचं काय करायचं यावर दोन मतं आहेत. काही जण इंजिन गिअरबॉक्स एकत्र वर ओढतात, तिरकं करून. जागा आणि चांगली क्रेन असेल तर ते पण चालतं. माझं मत, घरी पहिल्यांदा करणाऱ्यानं गिअरबॉक्स आधी खालून उतरवावा, जसा टॅक्सीच्या गॅरेजात उतरवायचे. वजन विभागतं, लांबी कमी होते, इंजिन सरळ वर येतं. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडं जाणारा दांडा, सोडताना दोन्ही फ्लँजवर मिळून एक खूण करा, शाफ्ट त्याच जागी परत बसला पाहिजे नाहीतर गाडी एका ठराविक स्पीडला थरथरते आणि मग सगळे चाकं बॅलन्स करत बसतात. गिअरबॉक्सखाली जॅक लावून तो सरळ मागं ओढा, त्याचा शाफ्ट क्लच प्लेटच्या बाहेर पूर्ण येईपर्यंत वजन प्लेटवर टेकू देऊ नका, प्लेट वाकते आणि नंतर क्लच सुटत नाही. गिअरबॉक्स उतरल्यावर इंजिनाला मागून आधार राहत नाही, म्हणून आधी वरून चेनवर थोडा भार घेऊनच ठेवा.

गाडीखाली जायचं म्हणजे लोखंडी स्टँड पाहिजेत, दोन्ही बाजूला, पक्क्या जमिनीवर, आणि मागच्या चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी जायचं नाही, मिनिटासाठी सुद्धा नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक वापरू नका, ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. स्टँड लावल्यावर गाडीला जोरात हलवून बघा, हलली तर आत जाऊ नका. आणि एकट्यानं हे काम करायचं नाही. घरातलं कुणीतरी, मित्र, कुणीही आवाजाच्या अंतरावर पाहिजे.

उचलायला भाड्यानं क्रेन मिळते, मोठ्या गावात मिळतेच, नाही मिळाली तर एक टनाचा चेन ब्लॉक आणि तो टांगायला शेडचा भक्कम गर्डर किंवा लोखंडी तीन पायांचं तिकाटणं, ज्याचे पाय खाली साखळीनं बांधलेले असतील म्हणजे ते पसरणार नाहीत. इंजिनाला साखळी बांधताना ती कशाला बांधताय ते बघा. कार्ब्युरेटरभोवती, इनटेकच्या पाइपाला, पंख्याच्या शाफ्टला दोरी गुंडाळून उचललेलं मी पाहिलंय. साखळी चांगल्या जाड बोल्टनं, वॉशर घालून, ब्लॉकला किंवा हेडच्या भक्कम स्टडला, पुढं एक आणि मागं एक अशी समोरासमोर लावा. बोल्ट आट्यात पूर्ण बसलेला पाहिजे. नायलॉनची दोरी नको, कडेवर कापली जाते.

भार आला की थांबा. अर्धा इंच वर घ्या आणि पूर्ण फेरी मारून बघा काय अडलंय. काही ना काही राहिलेलंच असतं, अर्थची पट्टी, टेंपरेचरची वायर, अॅक्सिलरेटरची दांडी, क्लचचं लिंकेज, सायलेन्सरचा एखादा क्लिप. इंजिन येत नसेल तर ओढू नका, ते येत नाही म्हणजे कुठंतरी धरलंय. फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे, बोल्ट सगळ्यात शेवटी. वर येताना एकानं चेन ओढायची, दुसऱ्यानं बाजूनं हातानं नुसतं वळवायचं, धरून ठेवायचं नाही, आणि खाली हात, पाय, डोकं काही नाही. आपल्या फोटोतल्या त्या पोराला कुणीतरी हे सांगा. इंजिन वर आलं की गाडी मागं ढकला आणि इंजिन लगेच खाली घ्या, लाकडी चौकटीवर किंवा इंजिन स्टँडवर. लटकत्या इंजिनावर काम करायचं नाही.

बाहेर आल्यावर घाईनं प्रेशर वॉटर मारू नका. आधी सगळी भोकं, इनटेक, एक्झॉस्ट, प्लगच्या जागा स्वच्छ कापडानं बंद करा. क्लचच्या आतली काळी धूळ हवेच्या पाइपानं उडवू नका आणि ब्रेकच्या ड्रममधली पण नाही, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही, आमच्या पिढीनं ते केलं कारण कुणी सांगितलं नाही. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क लावा. आणि इंजिन बाहेर आहे तेव्हा पुढचा सगळा पत्रा मोकळा होतो, तिथं गंज काढून प्रायमर मारून घ्या, असा हात परत पोचत नाही. क्लचचं सामान, मागून ऑइल गळत होतं का, फाउंडेशनची रबरं, सगळं आत्ताच बघा.

इंजिन नंबर जिथं कोरलाय तो स्वच्छ करा पण ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर लावू नका, फोटो काढून आरसी बुकाशी ताडून घ्या. हे मी मुद्दाम सांगतोय कारण २०२१ च्या नव्या केंद्रीय नियमात ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं, नंबरात व्हीए येतं, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आणि १० वर्षांसाठी असतं, पण त्याची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल नको. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी एकेक करून या नियमात बसायला लागल्यात, आणि नेमकं आत्ताच पोरं मूळ इंजिन काढून भंगारात देतात आणि दुसऱ्या गाडीचं बसवतात. दुसरं इंजिन टाकायचं तर आरटीओची परवानगी लागते, ती न घेता टाकलं की गाडी कागदोपत्री अडकते. मूळ ब्लॉक तडकलेला नसेल तर तो टाकू नका. ६८ मिलीमीटर बोअर आणि ७५ स्ट्रोकचं हे १०८९ सीसीचं साधं, सरळ इंजिन आहे, बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात, अगदीच संपलं असेल तर लायनर, म्हणजे आत नवीन नळी, मारून परत मूळ साइझवर आणता येतं. उद्यमनगरात, पुण्यात, मुंबईत हे काम करणारी मशीनं आणि माणसं अजून आहेत. फक्त आमच्याकडं येताना पोत्यात घालून आणू नका, आणि पिस्टन आधी मिळवा, हातात पिस्टन असल्याशिवाय कुठलाही शहाणा मशीनवाला बोअर करत नाही, कारण पिस्टन मोजून त्याप्रमाणं बोअर करायचा असतो.

माझं म्हणणं एवढ्यावरच थांबत नाही. सरकारी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा कोर्स आहे, तिथं शेड आहे, गर्डर आहे, चेन ब्लॉक आहे, खड्डा आहे, म्हणजे या कामाला जे जे लागतं आणि घरी नसतं ते सगळं आहे, आणि शनिवार रविवार ते कुलूपबंद असतं. तिथं हौशी लोकांसाठी फी घेऊन आठवडी वर्ग का सुरू करू नयेत. शिकवायला त्या जुन्या टॅक्सी मिस्त्रींना बोलवा, मानधन द्या, त्यांच्याकडं सर्टिफिकेट नसेल पण हे इंजिन किती वेळा उतरवून चढवलंय ते त्यांचे हात सांगतील. आयटीआयच्या पोरांना पण फायदा आहे, आजच्या गाडीत बॉनेट उघडलं की प्लॅस्टिकचं झाकण दिसतं, कार्ब्युरेटर आणि पॉइंट कसे काम करतात हे समजायला असं इंजिन लागतं. हौशी माणूस सुरक्षित जागेत पहिलं इंजिन उतरवेल, आणि मुख्य म्हणजे त्याच जागेत, त्याच माणसांच्या देखरेखीखाली ते परत चढवेल आणि चालू करून बघेल. चालू होईपर्यंत काम झालं असं म्हणायचं नाही, हा नियम त्या वर्गाचा ठेवावा.

कोल्हापूरला जुन्या गाड्यांचं प्रेम काही नवीन नाही, दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा केवढी गर्दी असते ते सगळ्यांनी बघितलंय. ती गाडी राजघराण्यानं सांभाळली. पद्मिनी सांभाळायला राजघराणं नाही, ती मास्तरांची, डॉक्टरांची, टॅक्सीवाल्यांची गाडी, ती त्यांच्याच नातवंडांनी सांभाळायची आहे, त्यांना नीट शिकवणारं कुणीतरी पाहिजे.

आपल्या पेपरानं पुढाकार घेऊन कौशल्य विकास खात्याकडं ही मागणी लावून धरावी ही विनंती, आणि आपल्या पुरवणीत अशा जुन्या मिस्त्रींची आठवड्याला एक मुलाखत घ्यावी, त्यात त्यांच्या आयुष्याची गोष्ट थोडी आणि कामाची माहिती जास्त असावी, पाना कुठला, क्रम कुठला, कुठं अडतं. आमच्या वर्कशॉपमध्ये पद्मिनीचं एक पूर्ण इंजिन गिअरबॉक्ससकट पडून आहे, मालक परत आला नाही आणि त्यानं ते आम्हाला लिहून दिलंय. जो आयटीआय असा वर्ग सुरू करेल त्याला ते मी फुकट देतो, पोचवायचा टेंपो पण माझ्याकडून. शिवाय बोअर कसा मोजायचा हे शिकवायला महिन्यातून एक रविवार मी स्वतः येईन.

आपला,
एक वाचक
उद्यमनगर, कोल्हापूर